३०० वॉटचा स्पीकर टाकला तरी गिटार ऐकू येत नाही, काऊन?

पत्र असं आहे (थोडं कमी केलंय):

"दादा नमस्कार. मी देसाईगंज तालुक्यातला, झाडीपट्टीच्या एका नाटक कंपनीत दोन सीझनपासून गिटार वाजवतो. माझ्याजवळ ५० वॉटचा ट्रान्झिस्टरचा गिटार अँप आहे, सेकंड हँड घेतलेला, त्यात १२ इंची एकच स्पीकर. मागच्या सीझनच्या शेवटी जाड तारेवर घर्रर्र असा आवाज यायला लागला, जाळी काढून पाहतो तं स्पीकरचा कागदी पडदा, म्हणजे कोन, कडेला दोन ठिकाणी उंदरानं कुरतडला होता. गावातल्या रेडिओ मेकॅनिकनं सांगितलं हा गेला, आणि त्याच्याजवळ पडलेला कारचा १२ इंची वूफर बसवून दिला, त्याच्यावर ३०० वॉट ४ ओहम लिहिलं आहे. आता आवाज जाडा येते पण ऑर्गन आणि ऑक्टोपॅड सुरू झालं की माझी गिटार कोणालेच ऐकू येत नाही, मलेही नाही. वरून अर्ध्या रात्री अँप तापून बंद पडते. ३०० वॉटचा टाकला तरी आवाज काऊन येत नाही? यूट्यूबवर सगळेच सेलेस्टियन कंपनीचा व्हिंटेज ३० स्पीकर घ्या म्हणून राहिले, घेऊ का? घरचे म्हणतात रोवणीचेच पैसे बाकी आहेत आणि याले स्पीकर पाहिजे. दिवाळीनंतर नाटकं सुरू होतील, त्याच्या आत काहीतरी करायचं आहे."

भाऊ, तुझं पत्र वाचून पहिले मला हसू आलं आणि मग जरा वाईटही वाटलं, कारण हीच चूक मीही केलेली आहे, फक्त माझा वूफर कारचा नव्हता तर होम थिएटरचा होता. त्यामुळं तुझ्या मेकॅनिकला मी शिव्या देणार नाही. त्याच्या दुकानात जे येते ते रेडिओ, मिक्सर, मोटरपंपाचे स्टार्टर, डीजेचे डबे, गिटारचा अँप वर्षातून एखादा. १२ इंचाचं भोक होतं, १२ इंचाचा स्पीकर होता, बसवून दिला, त्याच्या हिशोबानं काम झालं.

आता तुझा खरा प्रश्न, तो ३०० वॉटचा. स्पीकरवर लिहिलेले वॉट म्हणजे तो किती सहन करू शकते तेवढंच, तो किती जोरात वाजेल याचा त्याच्याशी काही संबंध नाही. ट्रॅक्टर आणि ट्रॉली समज. अँप म्हणजे ट्रॅक्टर, स्पीकर म्हणजे ट्रॉली. तू मोठी ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरची ताकद वाढली का? तुझा ट्रॅक्टर ५० वॉटचाच आहे, मागं ३०० ची ट्रॉली लावली काय न् ५०० ची लावली काय. आणि त्या ३०० मध्येही गोम आहेच, कारच्या सामानावर जो मोठा आकडा छापतात तो बरेचदा "मॅक्स" म्हणजे क्षणभराचा असते, सतत चालवायचा आकडा खाली बारीक अक्षरात, तो जाऊन पाह्य एकदा.

जोरात कोणता वाजेल हे सांगणारा आकडा वेगळाच आहे, त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात, डेसिबलमध्ये लिहिलेला असते. म्हणजे स्पीकरला एकच वॉट दिला आणि एक मीटरवरून मोजलं तर किती आवाज आला. गिटारच्या चांगल्या १२ इंची स्पीकरचा हा आकडा ९७ ते १०० च्या मधात असते. कारचे मोठे वूफर बहुतेक ९० च्या आसपास, कधी त्याच्याही खाली. आता तू म्हणशील ९१ आणि ९८ मध्ये असा काय मोठा फरक, सातच तं आहे. तिथंच सगळे फसतात. ३ डेसिबल वाढवायचे असतील तर अँपची ताकद दुप्पट लागते, १० डेसिबलला दहापट. सात डेसिबलला पाचपट होते. म्हणजे ९८ च्या स्पीकरवर जो आवाज १० वॉटमध्ये निघते तोच आवाज ९१ च्या स्पीकरवर काढायला ५० वॉट लागतात, तुझा अख्खा अँप. मेकॅनिकनं ३०० वॉटचा स्पीकर लावून तुझा ५० वॉटचा अँप १० वॉटचा करून दिला बाप्पा, आणि तुला वाटून राहिलं आपण मोठी गोष्ट केली.

असं काऊन होते तेही सांगतो, कारण हे समजलं की पुढची निवड आपोआप सोपी होते. कारच्या वूफरचा कोन जाड आणि जड असते, त्याच्या कडेला रबराचं मोठं गोल, कारण त्याला लहानशा पेटीत बसून फक्त खालचा धबधब आवाज काढायचा असते आणि त्यासाठी आतबाहेर खूप हलावं लागते. गिटारच्या स्पीकरचा कोन पातळ कागदाचा, हलका, कडेलाही कागदाच्याच घड्या. तो फार हलत नाही पण चटकन हलते. आपल्याकडं मंडईच्या जत्रेच्या दिवसांत शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, होते ना, तिथं कोणी धानाची बंडी घेऊन उतरते का? छकडा लागते, हलका. बैल तेच असले तरी बंडीला जुंपले तं काय होईल ते तुला सांगायची गरज नाही. तुझी गिटार सध्या बंडीला जुंपलेली आहे.

दुसरी गोष्ट त्याच्याइतकीच महत्त्वाची. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर ८२ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ८२ वेळा थरथरते, आणि गिटारचा स्पीकर साधारण ७५-८० पासून ५००० हर्ट्झपर्यंत वाजते, पुढं तो मुद्दाम गळून पडते. तुला ऐकू यायला जे पाहिजे ते मधल्या भागात आहे, हजार ते चार हजारच्या दरम्यान, तिथं तारेचा टणत्कार आहे. वूफर नेमका तिथंच मुका. खालचा भाग ऑर्गनवाल्याचा डावा हात आणि ऑक्टोपॅडचा ढुम खाऊन टाकते, मग तुझ्यासाठी उरलं काय? तू लिहिलंस "आवाज जाडा येते", बरोबर आहे, जाडा येते म्हणूनच ऐकू येत नाही. घरी एकट्यानं वाजवताना तो जाडा आवाज लय भारी वाटते, मंडपात दोन हजार माणसं बसली आणि बाजूला जनरेटर घुरघुर करून राहिला की तो मातीत जाते.

(उलटी चूकही असते बरं. मी एकदा "फुल रेंज" वाचून मधात ट्वीटर म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर असलेला स्पीकर टाकला होता. साधा आवाज छान काचेसारखा आला, पण डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट, लावलं आणि असं वाटलं की आग्या मोहोळ उठलं. गिटारच्या स्पीकरचं ५००० च्या वर न वाजणं हा दोष नाही, तीच त्याची चाळणी आहे.)

आता तापण्याचं. ओहम म्हणजे स्पीकर करंटाला किती अडवते त्याचं माप, ओहम कमी तं करंट जास्त. अँपच्या मागं पाह्य, स्पीकरच्या जॅकजवळ किंवा चेसिसवर ८ ओहम असं छापलेलं असेल, ५० वॉटच्या एक स्पीकरवाल्या अँपला बहुतेक तेच असते, पण तू स्वतः वाचून घे, माझ्या अंदाजावर जाऊ नको. ८ सांगितलेल्या ट्रान्झिस्टर अँपवर ४ ओहम लावला की त्यातून जवळजवळ दुप्पट करंट ओढला जाते, आउटपुटचे ट्रान्झिस्टर किंवा आयसी तापते, आणि नशीब चांगलं म्हणून त्याच्यात थर्मल कटऑफ आहे, बंद पडून तो स्वतःला वाचवून राहिला. दरवेळी वाचेलच असं नाही. तर आज हे वाचून झालं की पहिलं काम, तो वूफर काढ. स्पीकर नसताना ट्रान्झिस्टर अँप तसाच पडून राहिला तं काही बिघडत नाही. (ट्यूबवाल्या अँपचं एकदम उलटं आहे, तो स्पीकरशिवाय चालू केला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकते, आणि तिथं ओहमही जेवढे सांगितले तेवढेच लावायचे. त्याच्या आतमध्ये बंद केल्यावरही चारशे-चारशे व्होल्ट साठून राहतात, तिथं हात घालायचा नाही. तुझा तसा नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाचा असेल.)

आणि आता जे सांगतो ते तू विचारलंच नाहीस. तुझा जुना स्पीकर कुठं आहे?

पूर्ण पत्रात तू असं कुठंच लिहिलं नाही की आवाज बंद झाला होता. घर्रर्र येत होतं म्हणतोस, म्हणजे वाजत होता. कोन कडेला कुरतडलेला म्हणजे स्पीकर मेला असं नाही, लुगड्याला उंदरानं भोक पाडलं तं रफू होते तसंच हे. मेकॅनिककडं जा आणि तो परत माग. मल्टिमीटर ओहमवर लावून दोन टोकांना धर. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ८ दाखवत नाही, ६ ते ७ च्या मधात काहीतरी दाखवते, हे चांगलंय. (१६ चा साधारण १२-१३, ४ चा ३ ते साडेतीन. बऱ्याच जणांना वाटते ६ दाखवला म्हणजे स्पीकर ६ ओहमचा, तसं नाही.) काहीच दाखवलं नाही तर कॉइल, म्हणजे कोनाच्या मागं मॅग्नेटमध्ये बसलेलं तारेचं वेटोळं, तुटली किंवा कोनावरून टर्मिनलकडं जी लवचिक वेणीसारखी तार जाते ती तुटली, ती तार सोल्डर करता येते, कॉइल नाही.

मीटर बरोबर दाखवून राहिलं तर स्पीकर उताणा ठेव, दोन्ही हातांची बोटं कोनावर मधल्या टोपीच्या भोवती सारखी ठेवून हळूच खाली दाब आणि सोड. मऊ गेला, आवाज नाही, तर कॉइल सरळ आहे. खर्र असं घासलं तर कॉइल वाकडी झाली किंवा आत कचरा गेला, मग तो सोडून दे. घासत नसेल तर उंदराची भोकं बुजवायची. टिश्यू पेपरचा एक पापुद्रा घे, टी-बॅगचा कागद मिळाला तं आणखीच चांगलं, फेविकॉलमध्ये थोडं पाणी टाकून पातळ कर, आणि भोकापेक्षा जरासा मोठा तुकडा पुढून एक मागून एक चिकटव, रात्रभर वाळू दे. फेविक्विक नको, ते कडक होते आणि बाजूनं पुन्हा फाटते. एम-सील तर अजिबात नको, मी एका स्पीकरवर पाहिली आहे, भिंतीचं पोपडं बुजवल्यासारखी. आणि हो, तो घर्रर्र आवाज स्पीकरचाच होता का हेही पाह्य, कधी कधी मागच्या फळीचा एखादा स्क्रू ढिला असते आणि जाड तारेवर तोच थरथरते, आपण उगाच स्पीकरला दोष देतो. वाजवताना फळी हातानं दाबून धर, आवाज थांबला तं स्क्रू आवळ, पैसे वाचले.

कोनच पुरता गेला असेल पण मॅग्नेट-फ्रेम चांगली असेल तर रिकोनिंग हा एक रस्ता आहे, नागपूरला सीताबर्डीकडं विचारत गेलं की कोन बदलून देणारे सापडतात. पण माझं मत विचारशील तर गिटारच्या स्पीकरसाठी मी सहसा नाही म्हणतो. ते लोक बसवतात तो कोन पीएच्या, म्हणजे सभा-मंडपात लावतात त्या, स्पीकरचा असते, त्यांच्याकडं तेच येते, आणि गिटारच्या स्पीकरचा नव्वद टक्के आवाज त्या कागदातच असते. फ्रेम तुझी, मॅग्नेट तुझं, आवाज मात्र लाउडस्पीकरचा. इथून नागपूरला दोन चकरा आणि दोन दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळी.

बरं, जुना कामातून गेला असं धरू आणि नवीन घ्यायचाच आहे असं धरू. मग आधी ओहम. अँपवर ८ लिहिलं आहे तर ८. सेकंड हँड बाजारात १६ ओहमचे स्पीकर पुष्कळ दिसतात, मोठ्या चार स्पीकरवाल्या कॅबिनेटमधून काढलेले, आणि स्वस्तही असतात. ट्रान्झिस्टर अँपवर १६ लावला तर धोका काहीच नाही, फक्त ताकद अर्ध्याच्या आसपास होते, म्हणजे ३ डेसिबल गेले, आणि तुझ्याकडं घालवायला डेसिबल नाहीत. म्हणून ८ च घे, कोणी कितीही स्वस्त देवो.

मग वॉट. इथं लोक म्हणतात ५० चा अँप तर ५० चा स्पीकर, पण अँप पूर्ण पिळला, आवाज फाटायला लागला की तो ५० वर थांबत नाही, लाट वरून सपाट कापली जाते आणि ताकद त्याच्यापेक्षा बरीच जास्त, कागदावर तं दुप्पटपर्यंत जाऊ शकते. आणि तू मंडपात तो पिळणारच, मला माहीत आहे, दुसऱ्या अंकानंतर सगळेच आपापला आवाज थोडा थोडा वाढवत जातात. म्हणून ७०-८० वॉटच्या आसपासचा घे. याच हिशोबानं सेलेस्टियनचा ग्रीनबॅक बाद, कितीही गोड असला तरी तो २५ वॉटचा आहे, तुझ्या अँपवर त्याची कॉइल एका नाटकाच्या रात्रीत जळेल. जुन्या मोठ्या इंग्रजी अँपमध्ये तो एकटा नसायचा, चार-चार लावायचे.

आता व्हिंटेज ३०. स्पीकर वाईट नाही बाबू, उलट जोरात आहे, १०० डेसिबल, मधला आवाज पुढं काढणारा, मिक्समधून बरोबर कापत बाहेर येते, म्हणून तं सगळे सांगतात. नाव ऐकून तो ३० वॉटचा वाटते पण आहे ६० चा. तुझ्या ५० च्या पिळलेल्या अँपला ६० म्हणजे बॉर्डरवर. वजन पावणेपाच किलोच्या घरात, तुझा अँप तू मोटरसायकलवर मागं बांधून नेतोस ना? आणि मुख्य म्हणजे तुझ्या घरी रोवणीचे पैसे बाकी आहेत. त्या व्हिडिओतले लोक बंद खोलीत महागड्या माइकसमोर वाजवतात, दोन स्पीकरमधला जो फरक त्यांना ऐकू येते तो धानाच्या बांधीत उभारलेल्या मंडपात, थंडीत, मध्यरात्री दीड वाजता, खलनायक किंचाळून राहिला असताना कोणालाच ऐकू येणार नाही, तुलाही नाही. हे मी तुझं मन मोडायला नाही सांगत. ज्या फरकाचे पैसे द्यायचे तो फरक आपल्या कामाच्या जागी उरते का, एवढंच पाह्य.

मी असतो तर सेलेस्टियनचाच सेव्हंटी ८० पाहिला असता, किंवा दुसऱ्या कोणत्याही नावाजलेल्या कंपनीचा त्याच्या जोडीचा, एमिनन्स, जेन्सन असे. सेव्हंटी ८० हा ८० वॉटचा, ९८ डेसिबलचा, ८ ओहममध्ये मिळते. कारखान्यातून निघणाऱ्या कितीतरी मधल्या भावाच्या अँपमध्ये तोच बसवलेला असते, आणि शौकीन लोक तो काढून दुसरा टाकतात म्हणून सेकंड हँड बाजारात तो सापडते. लोक त्याला जरा रुक्ष, तिखट म्हणतात, घरात वाजवला तर आहेच. पण तुझी तक्रार काय आहे? ऐकू येत नाही ही. तिखटाचीच भाजी पाहिजे तुला, अँपवरचा ट्रेबल थोडा कमी करता येते, नसलेला ट्रेबल मात्र वाढवता येत नाही. तू बहुतेक साधा आवाज आणि थोडा इको लावून लावण्या, युगलगीतं आणि भुताच्या सीनची तान वाजवत असशील, त्याला हा पुरून उरते.

मॅग्नेट अल्निको की सिरॅमिक की निओडिमियम, यात पडू नको, फक्त एवढं की निओडिमियमचा वजनानं निम्म्याच्या आसपास असते, मोटरसायकलवाल्याला बरा, पण भाव जास्त. नवीन स्पीकर सुरुवातीला कडक वाटेल, दहा-वीस तास वाजला की थोडा मोकळा होते, म्हणून दिवाळीच्या आधी आण, पहिल्या नाटकाच्या दिवशी नको.

सेकंड हँड घेणार असशील तर वर सांगितलेल्या दोन तपासण्या, मीटर आणि बोटं, तिथंच उभं राहून करायच्या, आणि कोनाच्या मागून मोबाईलचा टॉर्च मारून पुढून पाहायचं, बारीक चिरा चमकतात. विकणारा म्हणेल "चालू आहे भाऊ, विश्वास ठेव", ठेव विश्वास पण टॉर्च मारून.

ऑर्डर करायच्या आधी भोक मोज. सगळे १२ इंची एकसारखे नसतात. गिटारचे साधारण ३०९ मिलिमीटर बाहेरून, फळीतलं भोक २८३ आणि स्क्रूच्या भोकांचा गोल २९७, पण तुझ्या फळीवर आता कारच्या वूफरसाठी मेकॅनिकनं नवीन भोकं पाडली असतील याची मला जवळजवळ खात्री आहे. जुनी भोकं लाकडाची खुंटी आणि फेविकॉल भरून बुजवता येतात. खोलीही पाह्य, मागं ट्रान्सफॉर्मर असते, मॅग्नेट त्याला टेकायला नको.

बसवायच्या आधी एक काम, हे विसरू नको, नाही तं नवीन स्पीकर दोन सेकंदात जाईल. अँपच्या आउटपुटवर डीसी, म्हणजे बॅटरीसारखा एकाच दिशेचा करंट, तर येत नाही ना ते तपासून घे. आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की स्पीकरवर सरळ डीसी जाते आणि कॉइल हीटरच्या कॉइलसारखी लाल होते. तुझा अँप ४ ओहमवर कित्येक रात्री तापलेला आहे, म्हणून म्हणतो. मेकॅनिकला सांग, आवाज शून्यावर ठेवून, सिरीज बल्ब लावून अँप चालू कर आणि स्पीकरच्या वायरवर मीटर डीसीमध्ये धर. ५० मिलिव्होल्टच्या आत असलं तं ठीक. व्होल्टमध्ये आकडा आला तर आधी अँप दुरुस्त. आत हात घालायचं काम त्यालाच करू दे, ते त्याला येते. मीटर नसेलच तर काढलेला वूफरच क्षणभर परत जोडून त्याच्याकडं पाह्य, स्विच टाकल्यावर कोन एकदा धप्प करून जागेवर आला तं बरं, बाहेर किंवा आत जाऊन तिथंच अडकून राहिला तं लगेच बंद कर.

बसवताना स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, एकच पूर्ण आवळला तर फ्रेम वाकते आणि कॉइल घासायला लागते. आणि कोनावर एक पुठ्ठा ठेवून मगच स्क्रूड्रायव्हर हातात घे. हसू नको, माझ्या हातून नवीन कोऱ्या स्पीकरमधून स्क्रूड्रायव्हर आरपार गेलेला आहे, बायको समोर उभी होती, ती एक शब्द बोलली नाही आणि तेच जास्त लागलं. वायर प्लस-मायनस पाहून लाव, खूण पुसली असेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाह्य, कोन बाहेर आला की सेलचा प्लस जिथं आहे ते स्पीकरचं प्लस. थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाच्या क्लिपा, ढिले असतील तर पकडीनं थोडे दाब, ढिल्या थिंबलमुळं आवाज येते-जाते आणि आपण स्पीकर बदलत बसतो.

आता एक फुकटची गोष्ट. तुझा अँप कुठं ठेवतोस? जमिनीवर, तुझ्या पायाजवळ, असंच ना? १२ इंची स्पीकरचा टणत्कार टॉर्चच्या उजेडासारखा सरळ जाते, बाजूला पसरत नाही. म्हणजे सगळा चांगला आवाज तुझे गुडघे ऐकून राहिले आणि तुझ्या कानात येते ते उरलंसुरलं. अँप खुर्चीवर ठेव किंवा खाली वीट लावून मागं झुकव, तोंड तुझ्या कानाकडं. पब्लिकसाठी साउंडवाल्याला एक माइक माग, गाण्यासाठी जो साधा डायनॅमिक माइक वापरतात तो चालते, जाळीला जवळजवळ टेकवून ठेव, मधात धरला तर आवाज चिरका येईल, कोनाच्या कडेकडं सरकवला तर गोल होईल. अँपला मागं लाइन आउट असेल तर वायर सरळ मिक्सरला देता येते, माइकचीही गरज नाही, फक्त काही अँपचा लाइन आउट कोरडा असते, डिस्टॉर्शनला पुन्हा तेच मोहोळ उठते, एकदा दिवसा तपासून घे. दोन हजार माणसांना ऐकवायचं काम साउंडवाल्याच्या डब्यांचं आहे. तुझा स्पीकर तुला आणि तुझ्या ऑर्गनवाल्याला ऐकू आला तरी बस. असं झालं तर कोणता स्पीकर घेतला याची अर्धी काळजी संपते, आणि तुझा तो फेविकॉल लावलेला जुना स्पीकरही एक सीझन आरामात काढून देईल. मी तर म्हणतो आधी तेच करून पाह्य, या सीझनच्या कमाईतून नवीन घे, घरच्यांशीही भांडण नाही.

आणि उंदीर. ज्यानं पहिला खाल्ला तो दुसराही खाईल, त्याला ब्रँड समजत नाही. सीझन संपल्यावर अँप धानाच्या कोठीजवळ किंवा तनशीच्या बाजूला ठेवू नको, अँपची मागची बाजू उघडी असेल तर तिथून बारीक लोखंडी जाळी मार, प्लास्टिकची नाही, आणि तो घराच्या आत, जमिनीपासून वर ठेव. पावसाळ्यात कागदाचा कोन ओल धरते म्हणून महिन्यातून एकदा अर्धा तास वाजवत जा, आणि मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जाते तेव्हा कंपनीच्या बंद गाडीत सोडून येऊ नको, कोन जोडलेला डिंक सुटते.

तर उद्या सकाळी आधी मेकॅनिककडं जा. हे लोक जुन्या स्पीकरचं मॅग्नेट फोडून काढतात, कोणाच्या तरी पोराला खेळायला देतात नाही तं भंगारात विकतात. सीझन संपून चार-पाच महिने झाले, अजून फोडलं नसेल अशी आशा करू. मिळाला तर मीटरचा आकडा आणि अँपच्या मागच्या पाटीचा फोटो पाठव, मग पुढचं बोलू.